विजय हजारे

विजय सॅम्युअल हजारे (११ मार्च १९१५, सांगली – १८ डिसेंबर २००४, वडोदरा) हे भारताचे कसोटी क्रिकेटपटू व कर्णधार होते. ते उजव्या हाताने फलंदाजी आणि उजव्या हातानेच मध्यमगती गोलंदाजी करीत. १९४६ ते १९५३ या काळात ते भारताकडून ३० कसोटी सामने खेळले व त्यांपैकी १४ सामन्यांत त्यांनी संघाचे नेतृत्व केले. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक झळकावणारे ते पहिले भारतीय होत. कसोटी क्रिकेटमध्ये एक हजार धावांचा टप्पा सर्वप्रथम गाठणारे भारतीयही तेच. भारताने कसोटीतील आपला पहिला विजय १९५२ साली मद्रास येथे मिळवला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली.

आकड्यांच्या दृष्टीने पाहता त्यांचे स्थान त्या पिढीच्या अग्रभागी आहे. तरीही सी. के. नायडू, विजय मर्चंट किंवा लाला अमरनाथ यांच्याप्रमाणे त्यांच्याभोवती आख्यायिकांचे वलय निर्माण झाले नाही. मितभाषी, संकोची स्वभाव हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण असे की, त्यांच्या सर्वोत्तम खेळींपैकी बऱ्याच खेळी हरणाऱ्या संघाकडून झाल्या. समोरचे गडी एकामागून एक परतत असताना एका टोकाला उभे राहणे हे जणू त्यांचे नेमून दिलेले काम होते.

सांगली ते बडोदे

हजारे यांचा जन्म सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळेत शिक्षक होते आणि घरात आठ भावंडे होती. पटवर्धनांच्या सांगली संस्थानात क्रिकेटचे वातावरण होते, परंतु शिक्षकाच्या मिळकतीवर चालणाऱ्या एवढ्या मोठ्या कुटुंबातील मुलाने खेळावर उपजीविका करायची, तर त्या काळी संस्थानिकांच्या आश्रयाखेरीज मार्ग नव्हता. क्रिकेटला व्यवसाय म्हणून मान्यता नव्हती. संस्थानिक खेळाडूला फौजेत अथवा दरबारात एखादी जागा देत आणि तो त्या संस्थानच्या किंवा प्रांताच्या संघाकडून खेळे. हजारे यांची कारकीर्द याच व्यवस्थेत घडली.

१९३४-३५ च्या हंगामात, म्हणजे रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली त्याच वर्षी, ते महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये उतरले. त्यानंतर काही हंगाम ते मध्य भारताच्या संघाकडून खेळले. याच सुमारास सध्याच्या सांगली जिल्ह्यातील जत संस्थानच्या अधिपतींनी ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांना प्रशिक्षणासाठी भारतात आणले. कसोटी क्रिकेटमध्ये २०० बळींचा टप्पा सर्वप्रथम ओलांडणाऱ्या या गोलंदाजाचे मार्गदर्शन हजारे यांना लाभले. त्याचा विशेष लाभ त्यांच्या गोलंदाजीला झाला.

फलंदाजीच्या बाबतीत ग्रिमेट यांनी एक गोष्ट जाणीवपूर्वक केली नाही, आणि तीच महत्त्वाची ठरली. हजारे चेंडूची वाट पाहताना बॅट दोन्ही पॅडांच्या मध्ये जवळजवळ अडकवून उभे राहत. पुस्तकी नियमांनुसार ही ढब सदोष होती. कोणत्याही सामान्य प्रशिक्षकाने ती पहिल्याच दिवशी बदलायला लावली असती. ग्रिमेट यांनी तिला हात लावला नाही. हजारे यांची बॅट त्या अडचणीच्या जागेतून वेळेवर बाहेर येते, सरळ येते, आणि चेंडू अगदी उशिरापर्यंत पाहिला जातो, हे त्यांनी ओळखले होते. ती ढब हजारे यांनी अखेरपर्यंत ठेवली. बचाव अभेद्य असला तरी ते निव्वळ बचाव करणारे फलंदाज नव्हते. कव्हर ड्राइव्ह, लेट कट आणि प्रसंगी हूक हे फटके त्यांच्या हाती होते. ते काढण्याची घाई मात्र नसे.

१९३९-४० च्या हंगामात ते पुन्हा महाराष्ट्राकडे आले. प्रा. दि. ब. देवधर हे तेव्हा महाराष्ट्राचे कर्णधार होते. त्या हंगामात पुणे येथे बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातील हे पहिले त्रिशतक होय. या डावातील नवव्या गड्यासाठी नगरवाला यांच्याबरोबरची २४५ धावांची भागीदारी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आठ गडी बाद झाल्यावर उरलेल्यांना सोबत घेऊन डाव उभा करण्याची जी हातोटी पुढे जगाला दिसली, ती येथे प्रथम ठळकपणे दिसते. त्या वर्षी व पुढच्या वर्षीही महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला.

१९४१-४२ पासून हजारे बडोद्याकडून खेळू लागले. गायकवाड सरकारच्या नोकरीत त्यांना स्थैर्य मिळाले आणि बडोदे हेच त्यांचे कायमचे घर झाले.

पंचरंगी सामने आणि मर्चंट यांच्याशी चुरस

मुंबईत त्या काळी क्रिकेटचा सर्वांत मोठा उत्सव म्हणजे पंचरंगी सामने. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ अशा पाच संघांत ही स्पर्धा होई. पूर्वीच्या चौरंगी सामन्यांत भारतीय ख्रिस्ती, ज्यू इत्यादींना जागाच नव्हती. १९३७-३८ पासून ‘इतर’ हा पाचवा संघ आल्यावर ती मिळाली. धर्मावर आधारलेल्या या संघरचनेला महात्मा गांधींनी १९४० मध्ये विरोध नोंदवला होता आणि १९४५-४६ नंतर ही स्पर्धा कायमची बंद पडली. ती बंद झाली हे योग्यच झाले. मात्र क्रिकेटच्या इतिहासाला तिने एक अजोड प्रकरण दिले, हेही नाकारता येत नाही.

हजारे ख्रिस्ती असल्यामुळे ‘इतर’ संघाकडून खेळत. हा संघ पाचांत बहुधा सर्वांत दुबळा होता. हिंदू संघात मर्चंट यांच्यासारखे मुंबईचे कसलेले फलंदाज असताना ‘इतर’ संघाची बरीचशी मदार एकट्या हजारे यांच्यावर असे.

१९४३-४४ च्या स्पर्धेआधी सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येचा मान मर्चंट यांच्या नाबाद २४३ धावांकडे होता. त्या वर्षी मुस्लिम संघाविरुद्ध हजारे यांनी २४८ धावा करून तो मागे टाकला. अंतिम सामना ब्रेबोर्न स्टेडियमवर हिंदू आणि ‘इतर’ यांच्यात झाला. मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढून मान परत घेतला व हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. ‘इतर’ संघ पहिल्या डावात १३३ धावांत गारद झाला. त्यांपैकी ५९ धावा हजारे यांच्या होत्या.

फॉलोऑननंतरचा दुसरा डाव हा क्रिकेटमधील एकहाती झुंजीचा नमुना मानला जातो. निम्मा संघ स्वस्तात परतल्यावर हजारे यांना साथ द्यायला त्यांचे धाकटे बंधू विवेक आले. दोघांनी ३०० धावांची भागीदारी केली आणि तीत विवेक यांचा वाटा होता २१ धावांचा. धाकट्याने एक टोक धरून ठेवायचे आणि थोरल्याने धावा काढायच्या, असा हा बंधूंचा खेळ तासन्‌तास चालला. ‘इतर’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांच्या होत्या, म्हणजे जवळजवळ ८० टक्के. संघ तरीही एक डाव ६१ धावांनी हरला. विक्रम हजारे यांच्याकडे आला, करंडक हिंदूंकडे गेला.

ही चुरस येथेच थांबली नाही. महिनाभराच्या आत मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध रणजी सामन्यात नाबाद ३५९ धावा करून हजारे यांचा ३१६ धावांचा उच्चांक मोडला. दोघे एकमेकांचे विक्रम मोडत होते आणि मुंबईचे प्रेक्षक दोन तटांत विभागले गेले होते. प्रत्यक्ष मैदानावर या दोघांत कटुता नव्हती. पुढे कसोटीत त्यांनी एकत्र केलेली एक मोठी भागीदारी हा त्याचा पुरावाच म्हणता येईल.

या सर्व काळात युद्धामुळे आंतरराष्ट्रीय क्रिकेट बंद होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. भारत १९३६ नंतर थेट १९४६ मध्ये कसोटी खेळला. हजारे यांच्या वयाची एकविसाव्यापासून एकतिसाव्यापर्यंतची वर्षे, जी फलंदाजाच्या आयुष्यातील ऐन उमेदीची असतात, त्यांत त्यांच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही.

५७७ धावांची भागीदारी

मार्च १९४७ मध्ये बडोदे येथे रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोदे आणि सी. के. नायडू यांच्या होळकर संघात झाला. होळकर संघ २०२ धावांत बाद झाला. बडोद्याचेही तीन गडी शंभरीच्या आत गेले. त्यानंतर हजारे आणि लाहोरचे डावखुरे गुल महंमद एकत्र आले. उंचीने लहान, चपळ आणि आक्रमक गुल महंमद हे हजारे यांच्या अगदी उलट प्रकृतीचे फलंदाज होते. दोघांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९ आणि हजारे २८८ धावांवर बाद झाले. फ्रँक वॉरेल आणि क्लाइड वॉलकॉट यांचा नाबाद ५७४ धावांचा उच्चांक मागे पडला आणि प्रथम श्रेणी क्रिकेटमधील कोणत्याही गड्यासाठीच्या सर्वांत मोठ्या भागीदारीचा मान बडोद्याच्या या जोडीकडे आला. बडोद्याने ७८४ धावा करून सामना एक डाव ४०९ धावांनी जिंकला.

पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. गुल महंमद भारताकडून आणखी काही वर्षे खेळले. नंतर ते पाकिस्तानात स्थायिक झाले व १९५६ मध्ये पाकिस्तानकडून एक कसोटीही खेळले. भागीदारीचे दोन मानकरी असे दोन देशांत विभागले गेले.

ॲडलेड, जानेवारी १९४८

हजारे यांचे कसोटी पदार्पण २२ जून १९४६ रोजी लॉर्ड्सवर झाले. थोरल्या पतौडींच्या नेतृत्वाखालील त्या दौऱ्यात कसोटीत त्यांना मोठी खेळी करता आली नाही, परंतु यॉर्कशायरविरुद्धच्या नाबाद २४४ धावांनी त्यांची कुवत इंग्लंडला कळली.

खरी कसोटी ऑस्ट्रेलियात होती. १९४७-४८ चा भारतीय संघ लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली गेला. मर्चंट आणि मुश्ताक अली हे दोघेही नव्हते. समोर डॉन ब्रॅडमन यांचा संघ होता, ज्यात रे लिंडवॉल आणि कीथ मिलर ही त्या काळातील सर्वांत भेदक वेगवान जोडी होती. सिडनीच्या सामन्यात हजारे यांनी ब्रॅडमन यांचा १३ धावांवर त्रिफळा उडवला.

चौथी कसोटी २३ जानेवारीपासून ॲडलेडला झाली. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला. ब्रॅडमन २०१, हॅसेट नाबाद १९८ आणि बार्न्स ११२. ब्रॅडमन यांना याही वेळी हजारे यांनीच त्रिफळाचीत केले, तोपर्यंत अर्थात उशीर झाला होता. भारताचे पाच गडी १३३ धावांत परतल्यावर हजारे आणि दत्तू फडकर यांनी १८८ धावांची भागीदारी केली. हजारे ११६ आणि फडकर १२३. भारताने ३८१ धावा केल्या, तरीही फॉलोऑन टळला नाही.

दुसऱ्या डावात लिंडवॉल यांनी खातेही उघडण्याआधी मंकड आणि अमरनाथ यांना परत पाठवले. धावफलकावर शून्य आणि दोन गडी बाद, अशा वेळी हजारे खेळायला आले. पहिल्या डावातील दमणूक अंगात होतीच. त्यांनी १४५ धावा केल्या. हेमू अधिकारी यांच्या ५१ धावा वगळता दुसऱ्या कोणालाही पन्नाशी गाठता आली नाही. लिंडवॉल यांनी ३८ धावांत ७ गडी बाद केले आणि भारताचा डाव २७७ धावांवर संपला. पराभव एक डाव १६ धावांचा होता. त्या डावात शून्यावर बाद झालेल्यांत खंडू रांगणेकरही होते. आज ठाण्यातील बॅडमिंटन सभागृहाला ज्यांचे नाव आहे, ते हेच रांगणेकर. क्रिकेट आणि बॅडमिंटन या दोन्ही खेळांत चमकलेल्या या डावखुऱ्या फलंदाजालाही लिंडवॉल यांच्या त्या माऱ्यापुढे उभे राहता आले नाही. यावरून हजारे यांच्या १४५ धावांचे मोल ध्यानी यावे.

कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढण्याचा पराक्रम त्यापूर्वी कोणत्याही भारतीयाने केला नव्हता. त्यानंतरही १९७१ मध्ये सुनील गावसकर यांनी पोर्ट ऑफ स्पेनला तो करेपर्यंत २३ वर्षे हजारे यांचे नाव एकटेच राहिले. सामना २८ जानेवारीला संपला. दोनच दिवसांनी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली आणि देशाला क्रिकेटकडे पाहण्याचे भान उरले नाही.

सहा धावा

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ प्रथमच भारतात आला. पाच कसोट्यांत हजारे यांनी ५४३ धावा केल्या. मुंबईच्या दुसऱ्या कसोटीतील नाबाद १३४ धावा त्यांत होत्या. फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईलाच झालेल्या पाचव्या कसोटीत भारतापुढे ३६१ धावांचे लक्ष्य होते. त्या काळच्या भारतीय संघाने असे लक्ष्य गाठण्याचा विचार करणेच धाडसाचे होते. हजारे यांनी १२२ व रुसी मोदी यांनी ८६ धावा करून विजय आवाक्यात आणला. अखेरीस फडकर खेळत होते. ८ बाद ३५५ अशी धावसंख्या असताना, षटक पुरे होण्यापूर्वीच पंचांनी बेल्स उचलल्या आणि सामना अनिर्णित राहिला. सहा धावा कमी पडल्या. त्या निघाल्या असत्या तर पहिल्या कसोटी विजयासाठी भारताला आणखी तीन वर्षे थांबावे लागले नसते.

कर्णधारपद

१९५१-५२ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेसाठी हजारे यांची कर्णधार म्हणून निवड झाली. अमरनाथ यांच्यासारखा आक्रमक, वादांना न डगमगणारा नेता अनुभवल्यानंतर निवडकर्त्यांनी सर्वस्वी भिन्न प्रकृतीचा माणूस निवडला होता. हजारे अबोल होते. सहकाऱ्यांवर आवाज चढवणे किंवा डावपेचांत धोका पत्करणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

दिल्लीच्या पहिल्याच कसोटीत या दोन्ही बाजू एकदम दिसल्या. इंग्लंडचा पहिला डाव २०३ धावांत आटोपला. मर्चंट (१५४) आणि हजारे (नाबाद १६४) यांनी तिसऱ्या गड्यासाठी २११ धावा जोडल्या. मुंबईत एकमेकांचे विक्रम मोडणारे दोघे येथे एकाच बाजूने उभे होते. भारताने ६ बाद ४१८ वर डाव घोषित केला, म्हणजे २१५ धावांची आघाडी मिळाली. पण ती मिळवण्यात फार वेळ खर्ची पडला होता. ॲलन वॉटकिन्स यांनी सुमारे नऊ तास खेळून नाबाद १३७ धावा केल्या आणि इंग्लंडने सामना वाचवला. डाव आधी घोषित केला असता तर काय झाले असते, हा प्रश्न हजारे यांच्या नेतृत्वाला कायमचा चिकटला. तो गैरलागू म्हणता येत नाही. याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांच्या खांद्याला दुखापत झाली आणि त्यांची कारकीर्द संपली.

मुंबईच्या दुसऱ्या कसोटीत हजारे यांनी १५५ धावा केल्या. भारताच्या सलग तीन कसोट्यांत त्यांनी शतक काढले होते. मात्र याच सामन्यात फ्रेड रिजवे यांचा उसळता चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. कानपूरला इंग्लंडने विजय मिळवला आणि मालिकेची शेवटची कसोटी मद्रासला आली.

६ फेब्रुवारी १९५२ रोजी सुरू झालेली ही भारताची २५ वी कसोटी होती. पहिल्या कसोटीला २० वर्षे होत आली होती आणि एकही विजय नव्हता. पहिल्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्या निधनाची वार्ता आली, त्यामुळे दुसरा दिवस विश्रांतीचा करण्यात आला. विनू मंकड यांनी ५५ धावांत ८ गडी बाद करून इंग्लंडला २६६ वर रोखले. पंकज रॉय (१११) आणि पॉली उम्रीगर (नाबाद १३०) यांच्या शतकांमुळे भारताने ९ बाद ४५७ वर डाव घोषित केला. दुसऱ्या डावात मंकड आणि गुलाम अहमद यांच्या फिरकीपुढे इंग्लंड १८३ धावांत संपले. भारताने सामना एक डाव ८ धावांनी जिंकला व मालिका १-१ अशी बरोबरीत सोडवली. हा विजय मंकड यांचा म्हणून ओळखला जातो आणि ते योग्यच आहे. हजारे यांच्या वाट्याला या ऐतिहासिक सामन्यात फलंदाज म्हणून फारसे काही आले नाही.

इंग्लंड आणि वेस्ट इंडिजचे दौरे

१९५२ च्या उन्हाळ्यात हजारे संघ घेऊन इंग्लंडला गेले. लीड्सच्या पहिल्या कसोटीत ३ बाद ४२ अशा अवस्थेतून त्यांनी वीस वर्षांच्या विजय मांजरेकर यांच्याबरोबर २२२ धावांची भागीदारी केली. मांजरेकर १३३, हजारे ८९. दुसऱ्या डावात मात्र कसोटी इतिहासातील एक लाजिरवाणा क्षण आला. पदार्पण करणारे फ्रेड ट्रूमन आणि अनुभवी ॲलेक बेडसर यांच्यापुढे रॉय, गायकवाड, मंत्री आणि मांजरेकर हे चौघे शून्यावर बाद झाले आणि फलकावर एकही धाव नसताना चार गडी परतले. हजारे (५६) आणि फडकर (६४) यांनी १०५ धावा जोडून निदान डावाला आकार दिला. लॉर्ड्सला हजारे यांनी नाबाद ६९ व ४९ धावा केल्या, पण तो सामना मंकड यांच्या ७२ आणि १८४ धावांसाठी लक्षात राहिला. मँचेस्टरला भारताचे दोन्ही डाव (५८ आणि ८२) एकाच दिवसात गुंडाळले गेले. ओव्हलवर ६ धावांत पाच गडी बाद झाले असताना हजारे यांनी ३८ धावा केल्या आणि संघ ९८ पर्यंत पोहोचला. पावसाने तो सामना वाचवला. मालिका भारताने ०-३ अशी गमावली.

कर्णधारपदाच्या ओझ्याने एक थोर फलंदाज हिरावून नेला, असे मत मर्चंट यांनी पुढे मांडले आणि ते वारंवार उद्धृत होते. या मताला आधार आहे. हजारे यांच्या सात कसोटी शतकांपैकी दोनच कर्णधार असताना झाली, तीही पहिल्या दोन सामन्यांत. उरलेल्या १२ सामन्यांत त्यांना शतक साधले नाही. १९५२-५३ मध्ये पाकिस्तानविरुद्ध अमरनाथ कर्णधार असताना मात्र मुंबईला त्यांनी नाबाद १४६ धावा केल्या. परंतु हे मत निम्मेच खरे आहे. इंग्लंडच्या त्या पडझडीच्या दौऱ्यात सात डावांत ३३३ धावा आणि ५५.५० ची सरासरी होती ती कर्णधाराचीच, आणि संघात ती धावसंख्या सर्वाधिक होती. शतकांच्या मोजणीत ८९, ५६ आणि ३८ धावांच्या अशा खेळींची नोंद होत नाही.

खरी घसरण वेस्ट इंडिजमध्ये झाली. पुन्हा कर्णधार म्हणून गेलेल्या हजारे यांना १९५३ च्या त्या दौऱ्यात पाच कसोट्यांच्या १० डावांत केवळ १९४ धावा करता आल्या. संघ तुलनेने चांगला खेळला व मालिका एकाच पराभवावर निभावली. किंग्स्टनची कसोटी ही हजारे यांची अखेरची ठरली. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. कर्णधार म्हणून त्यांची नोंद १४ सामने, एक विजय, पाच पराभव आणि आठ अनिर्णित अशी आहे.

उत्तरायुष्य

कसोटी संपली तरी बडोद्याकडून खेळणे सुरूच राहिले. १९५७-५८ मध्ये बडोद्याने पुन्हा रणजी करंडक जिंकला तेव्हा हजारे यांनी बेचाळिशी ओलांडली होती. रणजी स्पर्धेत त्यांच्या सहा हजारांहून अधिक धावा आहेत. मधल्या काळात लँकेशायरमध्ये क्लब क्रिकेटही ते व्यावसायिक म्हणून खेळले. पुढे राष्ट्रीय निवड समितीवर त्यांनी काम केले. १९६० मध्ये जसू पटेल यांच्याबरोबर त्यांना पद्मश्री मिळाली. पद्मश्रीने गौरवले गेलेले हे पहिले दोन क्रिकेटपटू होत. नियामक मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कारही त्यांना मिळाला. १९८१ मध्ये ‘अ लाँग इनिंग्ज’ हे त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध झाले.

त्यांची कसोटी कारकीर्द ३० सामने, २,१९२ धावा, ४७.६५ सरासरी, ७ शतके, ९ अर्धशतके आणि २० बळी अशी आहे. सातपैकी चार शतके मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर झाली. २३८ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी ५८.३८ च्या सरासरीने १८,७४० धावा केल्या, ६० शतके काढली आणि ५९५ गडी बाद केले. शेवटचा आकडा अनेकांना ठाऊक नसतो. केवळ गोलंदाज म्हणूनही त्यांची नोंद घ्यावी लागली असती.

दीर्घ आजारानंतर १८ डिसेंबर २००४ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी वडोदरा येथे त्यांचे निधन झाले. राज्यांच्या संघांत खेळल्या जाणाऱ्या मर्यादित षटकांच्या स्पर्धेला विजय हजारे करंडक असे नाव आहे. ज्या फलंदाजाने षटकांची मर्यादा कधी पाहिली नाही आणि दिवसभर खेळपट्टीवर उभे राहण्यालाच फलंदाजी मानले, त्याचे नाव या स्पर्धेला मिळावे हा योगायोग काहीसा गमतीचा आहे.

गुल महंमद यांच्याबरोबरच्या ५७७ धावांचा विश्वविक्रम त्यांच्या हयातीत अबाधित राहिला. जुलै २००६ मध्ये कोलंबो येथे कुमार संगकारा आणि महेला जयवर्धने यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिसऱ्या गड्यासाठी ६२४ धावा करून तो मोडला. चौथ्या गड्यासाठीचा उच्चांक मात्र अजूनही बडोद्याच्या त्या जोडीच्याच नावावर आहे.